रुळांपलीकडचे खासदार

मुरलीधर खटावकरांना राजकारणात ओढलं ते त्यांच्या झांजेनं, असं फरीदाबादच्या मराठी मंडळात सगळे म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. विश्वनाथबुवांच्या कीर्तनात बुवांच्या मागं झांज घेऊन उभं राहायचं ते मुरलीधरांनीच. बुवा लय वाढवोत, नाहीतर मध्येच थांबून पुढच्या रांगेतल्या पेंगणाऱ्याला चिमटा काढोत, मुरलीधरांची झांज कधी चुकली नाही. जो माणूस दुसऱ्याच्या लयीत इतका बिनतक्रार राहतो, त्याला मत द्यायला कुणाची काय हरकत असणार?

मूळचे साताऱ्याकडचे, तरुणपणी ट्रॅक्टरच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून आले आणि इथंच मुरले. १९९० नंतर रेल्वेच्या पलीकडं शेतं जाऊन वसाहत उभी राहिली, आणि मुरलीधर तिथं राहायला गेले. केबलच्या तारा आल्या, दारोदारी मारुती गाड्या आल्या, हप्त्यावर वॉशिंग मशिनं आली. पण शाळा, बाजार आणि दिल्लीची बस मात्र रुळांच्या अलीकडंच राहिली. पूल नाही, फाटक नाही. साडी सावरायची, दोन्हीकडं बघायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि रूळ ओलांडायचे. मुलांना शाळेत सोडणाऱ्या बायका रोज हेच करत.

महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा मुरलीधरांनी एकच वचन दिलं. पूल.

निवडून आले आणि कमिशनरकडं गेले. कमिशनरांनी चहा पाजला आणि हसत म्हणाले, "खटावकर जी, पटरी तो सेंटर की है. हम उसके ऊपर से कव्वा भी नहीं उड़ा सकते."

मग मुरलीधरांनी जे हातात होतं ते केलं. गटारं बांधली, दिवे लावले. आणि वसाहतीच्या बाजूनं रुळांना लागून पडून असलेला पालिकेच्या जमिनीचा एक तुकडा खटपट करून मंडळाला मिळवून दिला. तिथं कीर्तनाचा हॉल उभा राहिला. विश्वनाथबुवांनी सरकारी नोकरीची सगळी वर्षं दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधल्या बैठकीच्या खोलीत कीर्तनं केली होती, पाठीमागं फ्रिज आणि समोर चपलांचा ढीग. हॉलमध्ये पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा म्हातारा नमन म्हणता म्हणता थांबला, छताकडं बघत राहिला. "मुरलीधरा," म्हणाला, "आवाज परत येतोय रे माझा." मुरलीधरांना वाटलं, नगरसेवक झाल्याचं सार्थक झालं.

पूल तेवढा राहिला.

"काय हो नगरसेवक," मंडळातल्या कुसुमावतीबाई दर आठवड्याला विचारायच्या. त्या अलीकडच्या शाळेत शिकवत. "पूल माझ्या रिटायरमेंटच्या आधी होणार की नंतर?"

"बाई, रेल्वे केंद्राकडं येते."

"मग जा की केंद्रात!"

आणि देवाची लीला पाहा, ते खरंच गेले. राज्यसभेच्या एका जागेवरून पक्षात दोन गट असे जुंपले, की कुणाचंही नाव निघालं की दुसरा गट राजीनामे खिशातून बाहेर काढी. शेवटी ज्याच्यावर कुणाचाच राग नाही असा माणूस शोधायचं ठरलं, आणि अख्ख्या पक्षात तो एकच निघाला.

"बघा," त्यांची बायको प्रमोदिनी पेढे वाटता वाटता म्हणाली, "आयुष्यात कुणाचं काही वाकडं केलं नाही, त्याचं हे बक्षीस."

"अगं, ही स्तुती की टोमणा?"

"तुम्ही ठरवा. खासदार तुम्ही."

वसाहतीत फटाके उडाले. आता केंद्रच आपल्या घरचं म्हटल्यावर पूल काय लांब होता! मुरलीधरांनाही तसंच वाटलं. सभागृहात पुलाचा विषय मांडायला त्यांना तीन मिनिटं मिळाली, आणि आयुष्यात झांज वाजवली, भाषण कधी केलं नाही, म्हणून ते थेट बुवांकडं गेले.

"सोपं आहे," बुवा म्हणाले. "आधी नमन. नमन नीट झालं की श्रोता आपला. मग विषय मांडायचा, मग दृष्टांत, मग आख्यान."

"तीन मिनिटांत?"

"तू सुरुवात तर कर. एकदा रंग चढला की घड्याळाकडं कोण बघतो?"

घड्याळाकडं उपसभापती बघत होते. प्रमोदिनी आणि बुवा वर प्रेक्षकांच्या गॅलरीत बसले होते. खाली मुरलीधर उभे राहिले. सभापतींना वंदन केलं, उपसभापतींना केलं, सभागृहातल्या ज्येष्ठांना केलं, दिवंगत ज्येष्ठांना केलं, ज्या पक्षानं पाठवलं त्याच्या दोन्ही गटांना क्रम न चुकता केलं, हरियाणाच्या मातीला केलं, ज्या मातीतून आले त्या साताऱ्याला कसं विसरणार, तिलाही केलं. मग घसा खाकरून म्हणाले, "महोदय, फरीदाबाद में—"

घंटा वाजली. पुढच्या सदस्याचं नाव पुकारलं गेलं.

तिघं बसनं परत निघाले. प्रमोदिनी म्हणाली, "नमनाला घडाभर तेल म्हणतात ते आज डोळ्यांनी पाहिलं."

"नमन मात्र चोख झालं," बुवा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

पण वाया काही जात नाही, यावर मुरलीधरांची श्रद्धा होती, आणि ती इथंही खरी ठरली. रेल्वेच्या एका मोठ्या साहेबाकडं पुलाच्या विषयाचा कागद आला होता; त्या वंदनांची हकिकत ऐकून त्याला गंमत वाटली. कोण हे खासदार, ज्यांना भांडता येत नाही? त्यानं बोलावून घेतलं, नकाशा पसरला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बन जाएगा. कुछ आपके फंड से, कुछ हमारा. बस, आपकी तरफ सीढ़ी उतारने की जगह चाहिए."

मुरलीधर नकाशावर वाकले. रुळांच्या पलीकडच्या कडेला घरंच घरं होती. मोकळी जागा एकच दाखवली होती, आणि तिच्यावर पेन्सिलीनं फुली मारलेली होती.

"यहाँ उतर सकती थी," साहेब म्हणाला, "लेकिन किसी कॉर्पोरेटर ने यह ज़मीन दे डाली. हॉल बना है. क्या लोग होते हैं!"

मुरलीधरांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि तो रिकामा झाल्यावरही बराच वेळ खाली ठेवला नाही.

घरी येऊन प्रमोदिनीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले.

"बुवांना सांगितलंत?"

"कुठल्या तोंडानं सांगू? त्यांना उतारवयात एक छप्पर दिलं, तेच मी काढून घेऊ?"

"आणि उद्या रुळांवर काही झालं तर कुठल्या तोंडानं बसाल घरी?" ती पुन्हा भाजीकडं वळली. "अहो, दोन्ही गटांना वंदन करून हा पूल नाही व्हायचा."

साहेबाला आठवड्याच्या आत उत्तर हवं होतं. त्याच आठवड्यात रामनवमी आली. हॉल भरला. रामजन्म दुपारीच झाला होता; संध्याकाळच्या कीर्तनात बुवांनी उत्तररंगाला, म्हणजे आख्यानाला, बळीराजा घेतला. दानाला हात पुढं केलेला बळी, त्याला अडवणारे शुक्राचार्य, आणि दारात उभा चिमुकला वामन. बुवांचा आवाज त्या दिवशी असा लागला होता, की बायकांच्या डोळ्यांना पदर लागले. बुवा गात होते, "देतो म्हणालास ना राजा? मग दे!" आणि मागं मुरलीधरांची झांज चुकली.

एकदा चुकली. सावरली. पुन्हा चुकली.

बुवा थांबले. मागं वळले. "काय रे? दिल्लीत जाऊन ताल विसरलास?"

हॉल हसला. मुरलीधर नाही हसले. त्यांनी झांज खाली ठेवली. ते पुढं आले आणि म्हणाले, "बुवा, पूल मंजूर होतोय. जिना उतरायला हीच जागा लागते. हॉल पाडावा लागेल."

पेटीवाल्याची बोटं पट्ट्यांवरच राहिली. बुवांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा छताकडं. श्रोत्यांकडं वळले आणि बळीच्या माथ्यावर वामनानं पाऊल ठेवलं तिथून आख्यान पुढं नेलं. पण आवाज आता सपाट होता, आणि आरती नेहमीपेक्षा लवकर झाली.

मग मात्र गोंधळ उडाला. कुणी म्हणालं, वर्गणी आम्ही काढली. कुणी म्हणालं, मारुती गाडीत फिरणाऱ्यांना पुलाचं काय! कुसुमावतीबाई प्रसादाची वाटी खाली ठेवून उभ्या राहिल्या. "मी रोज चार-चार पोरांचे हात धरून ते रूळ ओलांडते. देवाचं नाव मी तिथं जितक्या कळवळ्यानं घेते ना, तितक्या कळवळ्यानं या हॉलात कधी घेतलं नाही. क्षमा करा, बुवा."

बुवांनी क्षमा केली की नाही ते कळलं नाही. शेला खांद्यावर टाकून ते घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरलीधर हॉलवर गेले, तर दार उघडं. बुवा स्टुलावर चढून रामाची तसबीर भिंतीवरून उतरवत होते.

"धर," ते खाली न बघता म्हणाले. "नुसता उभा काय राहतोस?"

मुरलीधरांनी तसबीर धरली. "बुवा, मंडळाची मीटिंग व्हायची आहे अजून."

"मीटिंग मंडळाची. राम माझा. तोवर माझ्या घरी राहील." ते खाली उतरले आणि त्यांनी भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग शेल्यानं डोळे पुसले की घाम, ते त्यांचं त्यांना ठाऊक. "रात्रभर झोप नाही. बळीचं आख्यान हजारदा सांगितलं असेल रे मी. देणं सोपं असतं असंच वाटायचं. सांगताना."

बुवांचं घर अलीकडच्या बाजूला. दोघं तसबीर धरून निघाले, एक टोक खासदाराकडं, एक बुवांकडं. रुळांपाशी आले तेव्हा मालगाडी चालली होती. संपता संपेना. एका डब्यामागून दुसरा, धूळ, लोखंडाचा खडखडाट. दोघं थांबून राहिले. बुवा रुळांवरच्या मोकळ्या आभाळाकडं डोळे बारीक करून बघत होते, जणू तिथं काहीतरी उभं आहे.

"मुरलीधरा."

"काय, बुवा?"

"पुलाला वरून छप्पर आहे ना?"

"नकाशात तरी नव्हतं."

"नाही?" बुवा एकदम तापले. "मे महिन्यात म्हाताऱ्या माणसांनी कसं चढायचं? आणि पायऱ्या? पायऱ्या उंच ठेवल्या तर कुसुमावतीबाई तुझा उद्धार करतील. मध्ये बसायला कट्टा हवा. आणि दिवा! खासदार ना रे तू? हे कुणी बघायचं?"

"विचारतो, बुवा."

"विचारतो नाही. आजच जा."

गाडीचा शेवटचा डबा गेला. बुवांनी सवयीनं दोन्हीकडं पाहिलं, रामाला छातीशी घट्ट धरलं आणि रुळांवर पाऊल टाकलं. मुरलीधर आपलं टोक सांभाळत, त्यांच्या पावलाला पाऊल जुळवत, मागोमाग निघाले.