पंखबाबांचे पाखरू

"उठलं! उठलं रे उठलं!"

खडीच्या माळावर एकच गलका झाला. आत्तापर्यंत उजवा पंख जमिनीवर फरपटत, तिरके होत, धडपडत चाललेले ते मूठभर पाखरू भुर्रकन उडाले आणि गर्दीच्या डोक्यांवरून गिरकी घेऊन दिसेनासे झाले. हात पुढे करून, ओठांतल्या ओठांत पुटपुटत त्याच्यामागे चाललेले पंखबाबा जागीच थांबले. त्यांनी डोळे मिटले आणि मान अशी हलवली, जणू उडायची परवानगी त्यांनीच दिली होती. टाळ्या कडाडल्या.

"डॉक्टर हाड जोडतो," बाबा माइकवरून म्हणाले, "आम्ही हाडाची समजूत काढतो! हाड रुसतं म्हणून मोडतं. पाखराच्या हाडाला कळतं, मग तुमच्या हाडाला कळणार नाही?"

रुसलेल्या हाडांचा मेळावाच भरला होता. गळ्यात अडकवलेले हात, कुबड्या, जाडजूड पट्ट्या. माळावर चुन्याची एक लांबलचक रेघ मारलेली. रेघेपलीकडे बाबांखेरीज कोणी पाऊल टाकायचे नाही, पाखराच्या दुखण्याला नजर लागते म्हणे! रेघेच्या अलीकडे कोमट पाण्याची बादली. ज्याची श्रद्धा पक्की, त्याने प्लास्टर त्यात भिजवायचे आणि बाबांच्या चेल्याने ते कात्रीने कापून काढायचे. इतके सोपे काम आणि त्यासाठी लोक उगीच दवाखान्यात खेपा घालत होते.

बादलीच्या रांगेत ताई उभी होती. ताई कपडे शिवायची आणि उजव्या मनगटाचे हाड मोडून बसली होती. घरात शाळेच्या गणवेशांचे कापड गठ्ठ्याने पडून होते. शाळेचा निरोप आला होता: जमत नसेल तर दुसरीकडे देतो. त्या निरोपापासून ताईला झोप नव्हती, आणि झोप नसलेल्या माणसाला बाबा लवकर पटतात.

तिच्या मागून तिची धाकटी बहीण गर्दीतून वाट काढत आली. गळ्यात कॅमेरा, त्याला हातभर लांब भिंग. धाकटी रुग्णालयात एक्स-रे काढायची. आठवडाभर माणसांच्या हाडांचे फोटो, रविवारी पाखरांचे. भावोजी तिला चिडवायचे, "माणसांना हलू नका म्हणतेस आणि स्वतः हलणाऱ्यांच्या मागे पळतेस!"

"ताई, रांगेतून बाहेर ये."

"आलीस का अडवायला? मला वाटलंच."

"तुझ्या मनगटाचा फोटो मीच काढलाय. दोन्ही तुकडे आत्ता कुठे एकमेकांना ओळखायला लागलेत. प्लास्टर काढलंस तर हाड वाकडं जुळेल. मग कात्री कशी धरशील?"

"आणि हे डोळ्यांनी पाहिलं ते खोटं?"

"पाहिलं ते खरं. सांगितलं ते खोटं."

ताईशेजारी उभे असलेले भावोजी मध्ये पडले. "अगं, तू शिकलेली आहेस, मान्य. पण काही गोष्टी पुस्तकापलीकडच्या असतात. बाबा दर रविवारी एक मोडकं पाखरू बरं करतात!"

"एक नाही भावोजी, एकच!" धाकटीने कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्या नाकासमोर धरला. "हा गेल्या रविवारचा फोटो. गळ्यातला काळा पट्टा बघा, एका बाजूला तुटलाय. आता हा आत्ताचा. पट्टा तिथेच तुटलेला. डोळ्याभोवती तेच पिवळं कडं. या पक्ष्याला चिखल्या म्हणतात. फक्त गेल्या रविवारी याचा डावा पंख मोडला होता, आज उजवा. आता सांगा, पाखरू इतकं तकलादू की बाबांची दुरुस्ती?"

भावोजींनी चष्मा वर केला, खाली केला. "तसंच दिसणारं दुसरं असेल."

"असेल. मग बघूच."

आणि कोणाला काही कळायच्या आत धाकटी चुन्याची रेघ ओलांडून पलीकडे गेली.

"अहो बाई!" बाबांचा आवाज एकदम साधा, खरखरीत झाला. चमत्कार करताना तो कुठल्या तरी गुहेतून यायचा. "मागे फिरा! त्या जिवाचा पंख कायमचा जाईल! पाप लागेल!"

धाकटी एकेक पाऊल बघून टाकत होती. थोडे पुढे जाते न जाते तोच खडीतून काहीतरी सरपटले. तेच पाखरू! मघाशी गगनात गेलेले, कधी गुपचूप परत येऊन बसले होते कोण जाणे. आता पुन्हा लंगडे. पंख पसरलेला, शेपटी फुललेली, अंग एका बाजूला कललेले. गर्दीतून "अरेरे!" असा सूर निघाला.

धाकटी त्याच्यामागे निघाली. मंत्र तिलाही येत होता, रोज शंभरदा म्हणायची. तिने हात पुढे केला आणि खणखणीत आवाजात सुरू केले, "दीर्घ श्वास घ्या... रोखून धरा... अजिबात हलू नका... हलू नका..."

पाखरू फरपटत पुढे, ती मागे.

"...आता सोडा!"

पाखरू टुणकन उठले आणि उडाले.

सगळ्या माना पाखरामागे वळल्या. मग मागून एक बाई खुदकन हसली, आणि मग हसण्याचा असा लोंढा आला की कुबड्या टेकलेल्यांना तोल सावरणे कठीण झाले.

"माझीच शक्ती आहे ती!" बाबा ओरडले. "माळावर भरून राहिलीय! ही बाई फुकट वापरतेय!"

"मग बाबा, तुम्ही तुमची शक्ती घेऊन रस्त्यापर्यंत जाऊन या," धाकटी म्हणाली. "तोवर भावोजी चालतील. तोंडातून अक्षर न काढता."

भावोजींना नाही म्हणायची सोय राहिली नाही. बाबा मात्र जागचे हलले नाहीत. शक्ती म्हणे उचलता येत नाही. पाखरू खडीत परतेपर्यंत सगळे रेघेअलीकडे थांबले. मग भावोजी धाकटीने दाखवलेल्या वाटेने, ओठ घट्ट मिटून, मांजरासारखे निघाले. पाखराने त्यांनाही तोच मान दिला. पंख पाडला, लंगडले, रखडले, दूर नेले आणि उडाले. भावोजी परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. "मी तर मनातसुद्धा काही म्हटलं नाही," ते पुटपुटले.

धाकटीने भिंग लांबूनच खडीवर रोखले, फोटो काढला आणि पडदा सगळ्यांपुढे फिरवला. आधी कोणालाच काही दिसेना. मग तिने बोट ठेवले. चार खडे खडे नव्हते. ठिपक्याठिपक्यांची चार अंडी होती.

"हे त्याचं घर," ती म्हणाली. "कुत्रं आलं, माणूस आलं, की हे पाखरू मोडल्याचं सोंग करतं. शत्रूला वाटतं, सहज हाती लागेल. तो मागे लागतो, अंड्यांपासून लांब जातो. पुरेसा लांब गेला की पाखरू उडतं. मोडलेलं काही नसतंच, तर बरं काय होणार? बाबांना हे पक्कं ठाऊक आहे. तुम्ही आत गेलात तर अंडी दिसतील, म्हणून ही रेघ."

गर्दीतून एक दूधवाला पुढे आला. गेल्या रविवारी त्याचे प्लास्टर बाबांनी काढवले होते. कोपराखालचा हात सुजून वाकडा झाला होता.

"बाबा, मी विचारलं होतं ना, दुखतंय म्हणून? तुम्ही म्हणालात, माझी श्रद्धा कमी पडते."

पंखबाबांनी घड्याळात पाहिले. त्यांची ध्यानाची वेळ झाली होती. ध्यान जीपमध्ये असावे, कारण ते लगबगीने तिकडेच गेले. चेला माइक विसरून त्यांच्यामागे धावला. दोघांपैकी कोणीही लंगडत नव्हते.

"तुम्ही उद्या माझ्याकडे या," धाकटी दूधवाल्याला म्हणाली. "सकाळीच. आता उशीर नको."

ताई रांगेतून बाहेर आली. मग तिने प्लास्टरचा हात छातीशी धरला.

"गणवेश गेले तर जाऊ देत," ती म्हणाली. "हात राहिला तर दुसरी शाळा मिळेल." थोड्या वेळाने ती स्वतःशीच हसली. "काय बुद्धी दिलीय गं देवानं त्या जिवाला! पिलांसाठी स्वतःला मोडकं म्हणवून घेतं. आणि हा मेला त्याच्या मायेवर स्वतःचं दुकान चालवत होता!"

देवाला मानणाऱ्या ताईला जे उमगले, ते सगळ्यांनाच उमगायला हवे. कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढेच विचारा: हा मनुष्य इथे नसता, तर हे घडले असते का? घडले असते, तर त्यात त्याचे काही नाही. नमस्कार ज्याने पाखरू घडवले त्याला करा, आणि मोडलेले हाड घेऊन डॉक्टरकडे जा.