फोनमधला पाळणा

जुन्या फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर, फोनच्या पडद्यात बघून मनातलं सांगणारे आरसेबाबा बसत. रांग पार जिन्याखाली गेली होती आणि प्रत्येकाच्या हातात पांढऱ्या रुमालात गुंडाळलेला फोन होता. नियमच होता तसा: फोन स्वतःचा हवा, उसना चालणार नाही.

"आम्ही चकार शब्द काढला नव्हता," पुढची बाई सांगत होती. "बाबा आपणहून म्हणाले, घरात कुणाला तरी ऐकू येत नाही. सासरेच की आमचे."

तिच्यामागे एक तरुणी उभी होती. गणवेशाच्या कारखान्यात ती कॉलर शिवायची. चार महिन्यांपूर्वी तिचं बाळ पोटातच गेलं. तेव्हापासून सुई बोटात शिरली तरी कापडावर रक्त दिसल्यावरच तिला कळे. मागच्या आठवड्यात बाबांनी तिच्या फोनवर आपल्या आश्रमाचं पान उघडलं. "'स्वीकारा' लिहिलंय तिथं बोट ठेव, पोरी. स्वीकारल्याशिवाय कृपा वाहत नाही." मग डोळ्यांच्या फटीतून पडद्याकडे बघत म्हणाले, "पाळणा दिसतोय. रिकामा."

बाळाचं तिने बाबांना काय, कारखान्यातही कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांच्या थायरॉइडच्या गोळ्या सोड, बाळ परत येईल, असं बाबांनी बजावलं होतं. आज गोळ्यांची डबी त्यांच्या पायाशी ठेवायची होती.

सोबत आत्या होती, पहिलीच्या वर्गाला जन्मभर शिकवलेली. तिने भाचीला अडवलं नाही. फक्त विचारलं होतं, "ज्याला मनातलं दिसतं, त्याला तुझाच फोन कशाला लागतो गं?"

वर पोचल्यावर आत्या पुढे झाली. स्वतःचा फोन दिला, आश्रमाच्या पानावर 'स्वीकारा' दाबलं. बाबांच्या पापण्या अर्ध्या मिटल्या.

"टापा ऐकू येतात, माताजी. तुमच्या पूर्वजांनी एक घोडा उपाशी मारला. त्याचा दोष आहे."

"पूर्वज टपाल वाटायचे," आत्या म्हणाली. "सायकलवरून."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"घोडा सूक्ष्म रूपात असतो."

"असतो ना. माझ्या फोनात आहे. चार दिवस मुद्दाम फोनवर खोगिरं बघत बसले होते." तिने पडदा रांगेकडे वळवला. आश्रमाच्या पानाखाली तपकिरी खोगिराची जाहिरात होती.

मग ती वर्गात बोलायची तशी सावकाश बोलू लागली. "वेबसाइट आपल्या फोनात एक चिठ्ठी ठेवते. तिला कुकी म्हणतात. पुढच्या वेळी ती वाचून वेबसाइट आपल्याला ओळखते. त्यात वाईट काही नाही. पण जाहिरातवाल्याचे फलक शेकडो वेबसाइटवर असतात. 'स्वीकारा' दाबलं की तोही स्वतःची चिठ्ठी ठेवतो, नंबर घातलेली. पाळण्याच्या दुकानात तो नंबर दिसला की पुढे बातम्या वाचा नाहीतर इथे या, तो पाळणाच दाखवणार. नाव त्याला ठाऊक नसेल, पण या नंबरला काय हवंय ते ठाऊक असतं. बाबा नुसती जाहिरात वाचतात."

"मग कानाचं?" पुढच्या बाईने विचारलं.

"कानाचं यंत्र याच फोनवर शोधलंत ना?"

बाई रुमालाची घडी घालत राहिली.

आत्याने भाचीच्या फोनातल्या सगळ्या कुकीज पुसल्या आणि तेच पान उघडून बाबांपुढे धरलं. "आता सांगा."

बाबांनी पाहिलं. "जलतत्त्व प्रबळ आहे," ते पुटपुटले.

पडद्यावर कुणालाही दिसेल अशी पाण्याच्या टाकीची जाहिरात होती. आता सगळा जिना हसला. भाची हसली नाही. पोटुशी असताना तिनेच शोधलेला तो पाळणा चार महिने रोज तिच्यासमोर येत होता आणि रोज तिचं बोट त्याला वर सरकवत होतं. बाळ गेलं हे जाहिरातवाल्याला कुणी सांगायला गेलंच नव्हतं.

जिना उतरताना आत्या म्हणाली, "चिठ्ठी नको असेल तिथं 'नाकारा' दाबत जा. माग काढायच्या आणखी वाटा असतात, पण एक तरी बंद होते. आणि कुणी मनातलं ओळखलं की पाया पडायच्या आधी विचारावं, याला कुणी सांगितलं? बहुतेकदा आपणच सांगितलेलं असतं."

खालच्या पायरीवर भाची थांबली. पर्समधून गोळ्यांची डबी काढली.

"आत्या, पाळणा परत दिसेल?"

"तू शोधलास तर दिसेल."

तिने मान हलवली आणि गोळी पाण्याबरोबर गिळली.