शंभराच्या पुढचे आकडे

मित्रांनो, जिन्याखालच्या कोनाड्यात लाकडी फळीवर वर्षानुवर्षं बसलेली मी एक जुनी बॅटरी आहे. खरं तर आम्ही चौघी बहिणी, जाड तारांनी एकमेकींना बांधलेल्या. एक दमली की चौघी दमतात. त्यांतली आधी दमणारी मी.

विजेचे खांब टेकडीच्या खालच्या वळणावरच संपतात. आमच्या घरात वीज येते छतावरच्या सौर पट्ट्यांतून आणि साठायची माझ्या पोटात. कारखान्यात मला बंद करताना एका कामगाराने पाठीवर दोन थापा मारल्या. तेव्हा वाटलं, शाबासकी आहे. आता कळतं, तो धूळ झटकत होता.

सुरुवातीची वर्षं दिवे आणि पंखा यांवर सुखात गेली. मग घरात सून आली आणि तिच्यामागोमाग मिक्सर आणि इंडक्शनची शेगडी. मिक्सरची मोटर सुरू होताना एकदम मोठा घोट मागते, मग गुमान चालते. तो पहिला घोट मला झेपेना. म्हणून वायरमनने शेजारी कपॅसिटरची पेटी बसवली. मी म्हणजे विहीर, पाणी पुष्कळ पण हळूहळू निघणारं. तो म्हणजे भरलेली बादली, एका दमात ओतून मोकळा. ती बादली पुन्हा भरायचीही मीच.

"एकदा रिकामी झाली की शंभर आकडे मोजा, मगच बटण," वायरमनने बजावलं. "आणि दोन मोठी यंत्रं एका वेळी कधीच नाही."

त्यावर सुनेने एक शक्कल काढली. इन्व्हर्टरशेजारच्या खिळ्याला लाल फडकं टांगलं. मोठं यंत्र लावणाऱ्याने ते खांद्यावर टाकायचं. खिळा रिकामा दिसला की बाकीच्यांनी हात आवरायचा. "फडकं ज्याचं, वीज त्याची," सासरे म्हणायचे. ते शिंपी होते, यंत्राला जपणं हातात मुरलेलं. चुकून कुणी नेम मोडला तर माझ्याआधी तेच कळवळायचे.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, गिळणं बिघडलं. पाण्याच्या घोटानेही ठसका लागायचा, हाताने कुस्करलेलं घशात अडकायचं. घट्ट, गुळगुळीत वाटलेलं तेवढंच घशाखाली उतरायचं. त्यात साखरेचा आजार. इन्सुलिन टोचल्यावर अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं. वाटण गार झालं की चिकट होतं, म्हणून सून आधी इंजेक्शन द्यायची, मग मिक्सर लावायची. रोज वेळ पुरायचा.

त्या धावपळीत माझ्याकडे बघणार कोण? तीन महिने माझ्यात डिस्टिल्ड वॉटर पडलं नव्हतं. पाणी आटून आतल्या शिशाच्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या. बॅटरीला तक्रार म्हणून दिवा मंद करता येतो फक्त, आणि मंद दिवा पाहून लोक बल्ब बदलतात.

वडिलांच्या सेवेसाठी थोरली नणंद राहायला आली. बाई मायाळू आणि भलतीच टापटिपीची. तिला नेम सांगितला होता, तो तिने पाठही केला. पण खिळ्यावरचं फडकं कळकट दिसलं, म्हणून तिने त्याच्यावर दुसरं लालच, स्वच्छ धुतलेलं टांगलं.

त्या सकाळी आभाळ भरलेलं होतं. सुनेने इंजेक्शन दिलं, शिजलेलं गाजर-बटाटा सोलून मिक्सरच्या भांड्यात भरलं, वरचं फडकं खांद्यावर टाकलं आणि बटण दाबलं. त्याच क्षणी नणंदेने खिळ्यावर उरलेलं फडकं खांद्यावर घेऊन वडिलांचं अंग पुसायला शेगडीवर पाणी तापत ठेवलं. दोन्ही घोट मला एकदम झेपेनात. इन्व्हर्टर किंचाळला आणि घर गप्प झालं.

"ताई, शेगडी लावलीत?"

"खिळ्यावर फडकं होतं की. बघूनच लावली."

सुनेने आधी स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं, मग ताईंच्या. शेगडीची पिन काढली, फ्रीजची काढली, भार हलका व्हावा म्हणून भांड्यातलं निम्मं वाटीत काढून घेतलं. इंजेक्शनला अठरा मिनिटं झाली होती. तिने इन्व्हर्टर पुन्हा चालू केला आणि मोजायला लागली.

चाळिसाला सासऱ्यांच्या कपाळावर घाम आला. साठाला त्यांची मान एका बाजूला कलली.

"अगं दाब ना. ते बघ कसे करतायत. आकडे कसले मोजतेस?"

"आता दाबलं तर बंद पडेल, ताई. पुन्हा पहिल्यापासून. बहात्तर."

नणंदेचा हात बटणाकडे गेला. सुनेने मनगट धरलं आणि मोजतच राहिली.

मित्रांनो, माझी खरी भीती कुणालाच माहीत नव्हती. शंभरचा आकडा माझ्या तरुणपणीचा होता. आता तेवढ्यात बादली भरत नव्हती, आणि हे तिला सांगायला मला तोंड नव्हतं.

शंभर. तिचं बोट बटणावर टेकलं. आणि थांबलं. कपॅसिटरच्या पेटीवर एक बारीक दिवा असतो, भरली की हिरवा. इतकी वर्षं तिकडे बघायची कुणाला गरज पडली नव्हती. तो अजून तांबडा होता.

"एकशे एक," ती म्हणाली.

नणंद वडिलांच्या पायाशी गेली. बापाचे तळवे चोळत तीही मोजू लागली. एकशे वीस. एकशे तीस. दोघींचा आवाज एकच झाला होता. मी होतं नव्हतं ते सगळं त्या पेटीत ओतत होते. एकशे अडतीसला दिवा हिरवा झाला.

मिक्सर अडखळला, घरघरला आणि फिरला. माझ्यातलं काहीतरी तेव्हा कायमचं तुटलं, पण तो फिरला. सासऱ्यांनी पहिला चमचा गिळला तेव्हा अर्धा तास व्हायला चार मिनिटं उरली होती.

आता सून आधी वाटून घेते, वाटी गरम पाण्यात ठेवते आणि मगच सुई काढते. बहिणींच्या जोडीला माझ्या जागी नवी बॅटरी आली. मला वायरमन भंगारात टाकणार होता, नणंदेने टाकू दिलं नाही. मी सासऱ्यांच्या खाटेखाली असते. त्यांनी कळ दाबली की एक छोटी घंटी वाजवायची, एवढंच माझं काम.

परवा दुपारी ती घंटी वाजली. दोघी हातातलं टाकून धावत आल्या. सासऱ्यांना काही नको होतं. त्यांनी चांगला हात हळूच तोंडाकडे नेला आणि दोघींकडे बोट केलं. जेवलात का?

जेवल्या नव्हत्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी गुपचूप देत असेल. त्याच्यात किती उरलंय, ते वेळ असताना विचारा. आम्ही आपण होऊन सांगत नाही.