राजाला कॅपिटल

छापखान्यात त्याला सगळे चिमटा म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. पानातली चूक तो पायातला काटा काढावा तशी उपटायचा आणि चूक करणाऱ्याकडे असा बघायचा, की त्या माणसाला आपल्या शाळेची, आईबापांची आणि एकूण जन्माचीच लाज वाटावी. जगात दोनच प्रकारची माणसं असतात, असं त्याचं मत होतं. एक तो स्वतः, आणि बाकीची प्रूफ न बघता छापलेली.

काम करायची त्याची पद्धत जुनी. मेहुणा समोर बसून मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, चिमटा छापील पानात नाक खुपसून बसायचा, आणि इंग्रजी मजकुरात जिथे कॅपिटल अक्षर हवं तिथे बोटाने टेबलावर टक्‌ करायचा. टक्‌ म्हणजे कॅपिटल मंजूर. ही सवय इतकी हाडीमाशी मुरली होती, की तो झोपेत असताना बायकोने माहेरच्या गावाचं नाव काढलं तरी पलंगाच्या फळीवर टक्‌ वाजे. बायको ते मानाने घेई. बिचारीला खरं कारण कोणी सांगितलं नव्हतं.

अशात एका कॅसिनोच्या मालकाने पत्त्यांच्या खेळांच्या नियमांचं पुस्तक छापायला दिलं, इंग्रजीत. पहिलं पान बघूनच चिमट्याने पेन्सिलीला टोक काढलं. राजा कॅपिटल, राणी कॅपिटल, गुलाम कॅपिटल, इस्पिक-बदाम कॅपिटल. खेळांची नावंही कॅपिटल, जशी काही मालकाच्या घरात जन्मलेली बाळंच.

"राजा म्हणे," चिमटा पेन्सिल चालवत म्हणाला. "पुठ्ठ्याचा तुकडा तो. खेळाच्या नावात गाव किंवा माणूस असेल तर तेवढ्याला कॅपिटल. बाकी सगळी रयत."

"भाऊजी, नियम मजेदार आहेत हं," मेहुणा वाचता वाचता थांबला. "हे ऐका. ब्लॅकजॅकमध्ये पत्ता हवा असेल तर…"

"तू वाच. स्वल्पविराम राहिलाय तिथे."

"पण काय लिहिलंय ते तरी…"

"काय लिहिलंय ते बघायला लोक पुस्तक विकत घेतात. मी कशाला फुकट बघू?" आणि त्याने स्वल्पविराम घातला. तो तसा बरोबरच होता.

आठवड्याने प्रूफं परत आली. मालकाने लाल शाईने एकेक राजा पुन्हा गादीवर बसवला होता. वर पहिल्या पानावर ओळ वाढवली होती: मुद्रितशोधन, आणि पुढे चिमट्याचं संपूर्ण नाव, ठळक टाइपात.

उभ्या आयुष्यात त्याने कमावलं होतं ते एवढंच, की त्याच्या हाताखालून गेलेल्या पानाकडे कोणी बोट दाखवू शकत नव्हतं. ते नाव आता या उकिरड्यावर छापून यायचं होतं. प्रूफं मेहुण्याच्या हाती देऊन, त्याला घेऊन तो तडक कॅसिनोत गेला.

भर दुपार होती. खुर्च्या टेबलांवर उलट्या पडल्या होत्या, एक बाई गालिच्यावर व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होती आणि मालक हिरव्या कापडाच्या टेबलाशी एकटाच पत्ते पिसत बसला होता.

"कॅपिटलं काढा, नाहीतर माझं नाव काढा," चिमटा उभ्या उभ्या म्हणाला.

"नाव राहणार. तुमच्या छापखान्याशी तसं ठरलंय. आणि राजाला लहान अक्षर दिलं तर तो राजा कसला? द्वारपाल झाला."

"तुम्हाला शिकवायला मी आलेलो नाही. तेवढं आयुष्य माझ्याकडे शिल्लक नाही."

मालक हसला. "मग एक डाव होऊन जाऊ दे. ब्लॅकजॅक. जिंकलात तर सगळं लहान. हरलात तर सगळं कॅपिटल, आणि नाव अजून मोठं. नियम सांगू?"

"तुमचं पुस्तक मी दोनदा वाचलंय," चिमटा म्हणाला, आणि टेबलावरची एक खुर्ची सुलटी करून बसला. मेहुण्याने त्याची बाही ओढली. त्याने ती झटकली.

पत्ते पडले. चिमट्यापुढे राजा आणि राणी. मेहुणा मागून कानात कुजबुजला, "चित्रांचे दहा-दहा, वीस झाले. एकवीसच्या वर गेलं की बाद. आता काही करू नका, भाऊजी. नुसते बसा."

नुसतं बसणं चिमट्याला छान जमायचं. हात टेबलावर ठेवून तो मालकाकडे झुरळाकडे बघावं तसं बघत राहिला.

"बसलात तर बसा," मालक म्हणाला. "तोवर ते पहिलं पान वाचा हो, मेहुणेबुवा. नाव कसं वाजतं ते ऐकू तरी."

मेहुणा बापडा. कागद पुढे आला की वाचायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याने घसा साफ केला आणि आपल्या कामाच्या आवाजात वाचलं: चिमट्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

टक्‌. टक्‌. टक्‌.

राजाला जे द्यायला हा माणूस मरेपर्यंत तयार नव्हता, ते स्वतःला द्यायला त्याला निमिषही लागलं नाही. आणि प्रत्येक टक्‌गणिक मालकाने एकेक पत्ता त्याच्यापुढे टाकला. चौकी, छक्की, गुलाम.

"हे काय?" चिमटा म्हणाला. "मी पत्ता मागितलाच नाही."

"तीनदा मागितलात. पहिल्यालाच बाद झाला होतात, पण तुमचा उत्साह बघून मला थांबवेना." मालकाने पुस्तकाचं पान पुढे सरकवलं. "पत्ता हवा असेल तर टेबलावर बोटाने वाजवावं. मधला स्वल्पविराम तुमचाच आहे."

मग त्याने आपले पत्ते उलटले. सत्ती आणि नव्वी, नुसते सोळा. गालिच्यावरची बाई मशीन बंद करून हसली आणि परत कामाला लागली.

पुस्तक निघालं. चिमट्याने स्वतः, दात आवळून, एकेक राजाला मुकुट चढवला. आता आपल्यावर सगळं गाव थुंकणार म्हणून तो दारं लावून बसला. थुंकायला कोणी आलं नाही. एका सकाळी दारात आला तो गाद्यांचा कारखानदार, पुस्तक छातीशी धरून.

"हे तुम्हीच ना? काय रुबाबदार अक्षरं आहेत. आमचा कॅटलॉग अस्साच करून द्या. गादी कॅपिटल, उशी कॅपिटल."

बायकोने आतून ऐकलं. "बघा, आता तरी कोणी ओळखतं तुम्हाला."

चिमट्याने पेन्सिल उचलली. मग ताठ होऊन म्हणाला, "अभ्रा मात्र लहान अक्षरात राहील. तिथे मी ऐकणार नाही."

कारखानदाराचा चेहरा पडला. "साहेब, सगळ्यात जास्त खप अभ्र्याचाच आहे हो."

चिमट्याने मान खाली घातली आणि अभ्रा कॅपिटल केला.