खिडकीतला खाणकामगार

ओल्द्रिखने नाताळच्या बाजाराला चौथी फेरी मारली आणि चौथ्यांदा त्या लाकडी बाहुल्यांच्या टपरीपुढून मान खाली घालून निघून गेला.

"अरे, घाण्याचा बैल झालास का?" त्याची बायको यार्मिला म्हणाली. तिने गरम वाइनचा मग त्याच्या हातात कोंबला. "पाचला बस सुटते. बोलायचंय, की नुसतंच गोल फिरून चेक देशात परत जायचंय?"

सहलीच्या बसने डोंगर ओलांडून जर्मनीत आलेले बाकीचे लोक बाजार बघायला आले होते. त्रेपन्न वर्षांचा ओल्द्रिख आई बघायला आला होता. त्याला वाढवणाऱ्या बाईने वसंतात मरता मरता सांगितलं होतं : तुला जन्म देणारी गेर्लिंडे. जर्मन पोरगी, एकोणीस वर्षांची. आमच्या सूतगिरणीत कामाला आली, बाळंत झाली, तुला अनाथालयात ठेवून डोंगरापलीकडे आपल्या गावी निघून गेली. अशा पोरीला शिव्या घालायला सगळं जग पुढे असतं. बाप कोण, हे विचारायची तसदी तेव्हा कुणी घेतली नव्हती आणि नंतरही नाही.

ती समोरच होती; टपरीच्या पाटीवर तिचं नाव होतं. बहात्तर वर्षांची, बोटं कापलेले हातमोजे, हातात बारीक कुंचला. टपरीमागेच तिचं घर. डोंगराच्या या भागात नाताळात घरात जितक्या मुली तितके देवदूत आणि जितके मुलगे तितके खाणकामगार खिडकीत उभे करतात. गेर्लिंडेच्या खिडकीत दोन देवदूत होते आणि एक खाणकामगार. देवदूतांच्या हातांतल्या मेणबत्त्या पेटलेल्या. खाणकामगाराच्या कोऱ्या.

"मुलगा आहे तिला," ओल्द्रिख म्हणाला. "मग मी कशाला हवा?"

"खिडकीला काय विचारतोस? माणसाला विचार की."

शेजारच्या टपरीवर रुडी नावाचा जाडा माणूस सॉसेज भाजत होता. ओल्द्रिखने शाळेतलं तोडकंमोडकं जर्मन गोळा करून त्याला विचारलं, या बाईंचा मुलगा काय करतो?

"काय करणार? जन्मला तसाच गेला तो," रुडी म्हणाला. "लग्नाआधीची भानगड, तुमच्याच बाजूला झालेली. नवरा होता तोवर खाणकामगार पेटीत होता. नवरा गेला तसा बाहेर काढून ठेवला. पण पेटवत नाही. मोहरी लावू का?"

एक तर मूल मेलं असं तिला कुणी सांगितलं होतं, नाहीतर तिने गावाला तसं सांगितलं होतं. पहिलं खरं असेल तर तो जिवंत असल्याची बातमी ऐकून म्हातारी जागच्या जागी कोसळायची. दुसरं खरं असेल तर भर बाजारात ती त्याला वेडा ठरवून हाकलायची.

"चल, जाऊ या," तो म्हणाला.

"जा ना. बसमध्ये जाऊन बस आणि आणखी त्रेपन्न वर्षं कुढत राहा," यार्मिला म्हणाली, आणि त्याला ढकलून रांगेत उभं केलं.

गेर्लिंडेची एक रीत होती. विकलेल्या बाहुलीच्या तळाला ती ज्या मुलासाठी घेतली त्याचं नाव आणि जन्मतारीख लिहून द्यायची. रांग सरकत त्याची पाळी आली.

"काय देऊ, साहेब?"

"खाणकामगार."

"तारीख?"

"चौदा नोव्हेंबर, एकोणसत्तर." तो थांबला. मग सूतगिरणीच्या गावाचं नाव घेतलं.

कुंचला लाकडावर टेकलेलाच राहिला. रंगाचा ठिपका पसरत गेला. तिने वर पाहिलं नाही. कोसळलीही नाही.

"नाव काय ठेवलं त्यांनी?" तिने हळूच विचारलं.

म्हणजे तिला माहीत होतं. तो जिवंत आहे हे माहीत असून तिने त्याला मारून टाकलं होतं. ओल्द्रिखच्या भीतीचा एकदम संताप झाला.

"ओल्द्रिख."

"कोण गं ते, गेर्लिंडे?" रुडी पलीकडून ओरडला. "मघाशी तुझ्या पोराची चौकशी करत होता!"

तिचे ओठ हलले. "गिऱ्हाईक आहे."

"नाही," ओल्द्रिख म्हणाला, इतक्या मोठ्याने की रांगेतल्या बायका दचकल्या. "तिचा मेलेला मुलगा. तो मी."

रुडीचा चिमटा हवेतच राहिला. यार्मिलाने ओल्द्रिखचा कोट मागून घट्ट धरला. गेर्लिंडेने कुंचला पुसला, चष्मा काढला, आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ. तो मान खाली घालणार नव्हता, त्याने घातली नाही.

"ऐकलंस ना, रुडी?" ती त्याच्यावरची नजर न काढता म्हणाली. "आता गावभर सांगत सुट."

मग तिने टपरीचं बाजूचं दार उघडलं आणि आतलं एकुलतं एक स्टूल पायाने पुढे सरकवलं.