दुसरी वेलांटी

अण्णा, म्हणजे माझे वडील, गावातले एकुलते एक पेंटर. गावातली प्रत्येक पाटी त्यांच्या हातची. अक्षर असं की छापखान्यानं लाजावं, आणि शुद्धलेखन असं की मी लाजावं.

पहिल्या वेलांटीशी त्यांचं हाडवैर होतं. "अक्षराचा पत्ता नाही आणि ही आधीच दारात उभी! असल्या घाईला मी थारा देत नाही," म्हणायचे. त्यांच्याकडे सगळ्यांना दुसरीच वेलांटी. 'कीराणा', 'शीवणक्लास', 'वीजेची दुरुस्ती'. दवाखान्याची पाटी तेवढी वाचली, कारण त्या शब्दाला वेलांटीच नाही.

आणि अशा माणसाच्या पोटी मी मराठीची शिक्षिका निपजले. मुलं पेपरात 'कीराणा' लिहायची, मी मार्क कापायचे, मुलं म्हणायची, "बाई, तुमच्या अण्णांनीच लिहिलंय!" संध्याकाळी मी घरी जाऊन अण्णांशी भांडायचे.

"दुकान चालतंय ना?" ते ब्रश धुता धुता विचारायचे. "मग तुला का धाड भरली, भवाने?"

ही भांडणं आम्हा दोघांनाही मानवली होती. पण शाळेच्या तपासणीच्या दिवशी माझं डोकं फिरलं. साहेब यायला दहा मिनिटं, आणि फाटकावर अण्णांनी ताजं ताजं लिहिलेलं: 'वीद्यार्थीनींचे स्वागत'. मी तरातरा त्यांच्याच शिडीवर चढले आणि सगळ्या शिक्षकांदेखत रॉकेलच्या बोळ्यानं शब्द पुसून टाकला.

अण्णा शिडी खांद्यावर टाकून घरी गेले. त्या दिवसापासून ते मला 'बाई' म्हणायला लागले. "जेवलात का, बाई?" त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं. माफी मागायला मी दोन महिने चांगला मुहूर्त शोधत राहिले, आणि अण्णा गेले.

शोकसभेचा फलक हातानंच लिहिलेला हवा, असा गावाचा हट्ट. अण्णांचं वळण माझ्याच हातात, म्हणून त्यांच्या शिडीवर पुन्हा मीच. खाली शिडी धरून सलूनवाले काका उभे होते. अण्णांचे जिवलग दोस्त. त्यांचं दुकान शाळेच्या फाटकासमोरच. मी 'विनम्र अभिवादन' लिहिलं, एकदम शुद्ध, आणि विचारलं, "काका, अण्णा माझ्यावर फार रागावले होते का हो?"

"रागावला होता तर! महिनाभर दाढी करताना माझं डोकं खाल्लं. म्हणे, लेकीनं चारचौघांत नाक कापलं."

मी हात पुसायला जरा मागे वळले, तशी शिडी हलली.

"अगं, नीट उभी राहा!" काका ओरडले. "या शिडीचा एक पाय आखूड आहे. धरल्याशिवाय ही उभी राहत नाही."

"पण त्या दिवशी तर छान उभी होती."

"छान कसली! तू वर त्याचं नाक कापत होतीस, आणि तो खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता. माझ्या दुकानातून दिसत होतं ना. तू उतरलीस तेव्हा कुठे त्यानं हात सोडले."

मला समोरचं काही दिसेना. नाक ओढत मी रॉकेलचा बोळा मागितला. दोन्ही पहिल्या वेलांट्या पुसल्या, आणि अक्षरांना आधी येऊ देऊन, सावकाश, दुसऱ्या काढल्या.

काकांनी मान वर करून वाचलं. "पोरी, चूक झाली की गं."

"हो काका," मी म्हटलं. "माझीच."