क्लिप लावण्याआधी

चार गावांतले सर्जन एका टेबलाभोवती बसवणं म्हणजे चार जावांना एका चुलीपाशी उभं करणं. पित्ताशय दुर्बिणीतून काढायची पद्धत सगळ्या इस्पितळांत एकच असावी, एवढाच काय तो विषय. पण प्रत्येकाला आपलाच हात सोन्याचा वाटत होता, आणि त्यात सगळ्यांत चढा आवाज भाऊंचा.

त्यांचा राग एका नियमावर होता. पित्ताशयाच्या नळीला क्लिप लावून ती कापण्याआधी दोन्ही हात अवजारांवरून काढायचे आणि खोलीतल्या दुसऱ्या सर्जनला विचारायचं, काय दिसतंय? दोघांपैकी एकालाही शंका असेल, तर कापायचं नाही. हा नियम सुचवला सगळ्यांत छोट्या इस्पितळातल्या एका सर्जनबाईंनी. भाऊंनी तिथल्या तिथे त्यांचं नाव मास्तरीणबाई ठेवलं. इतकी वर्षं काय आम्ही डोळे मिटून कापतोय, असं ते म्हणाले. शेवटी सगळ्यांना भुका लागल्या म्हणून नियम पास झाला. भाऊंच्या इस्पितळात तो पाळलाही जाई, पण तोंडदेखला. त्यांनी विचारायच्या आतच त्यांचा मदतनीस सर्जन ‘हो भाऊ’ म्हणून मोकळा व्हायचा.

आणि मग ताईचं पोट दुखायला लागलं. आईमागे भाऊंना वाढवणारी ही थोरली बहीण. ती लेकीकडे गेली होती, आणि तिथलं जवळचं इस्पितळ म्हणजे नेमकं मास्तरीणबाईंचं. पित्ताशय सुजून खड्यांनी गच्च भरलेलं, थांबायला वेळ नव्हता. भाऊ धावतपळत पोचले ते बाह्या सरसावूनच. बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, की नातेवाइकांनी हात लावायचा नाही, शेजारी उभं राहायला हरकत नाही. तिथला दुसरा सर्जन पलीकडच्या खोलीत ऑपरेशनमध्ये अडकला होता, म्हणून विचारायला दुसरे सर्जन काय ते भाऊच.

भाऊ पडद्याकडे बघत उभे राहिले. सुजेनं सगळं एकमेकांना चिकटलेलं होतं. बाईंचा हात भलताच सावकाश चालला होता, आणि भाऊंची चुळबुळ वाढत होती. शेवटी एक नळी मोकळी झाली. बाईंनी दोन्ही हात बाजूला घेतले.

“सर, काय दिसतंय?”

“पित्ताशयाचीच नळी आहे. लावा क्लिप.”

“मला खात्री नाही. मागची बाजू दिसत नाही.”

“अहो, मी सांगतोय ना. माझी सख्खी बहीण आहे ती.”

“म्हणूनच लावत नाही,” बाई म्हणाल्या.

त्यांनी पित्ताशयात सुईनं रंग सोडला आणि एक्स-रे काढला. भाऊ मनातून नुसते धुमसत होते. मग चित्र पडद्यावर उमटलं. भाऊंनी पित्ताशयाची म्हणून सांगितलेली नळी सरळ वर यकृतात जात होती. ती पित्ताची मुख्य नळी होती. ती कापली असती, तर ताईच्या आयुष्याची माती झाली असती.

नर्सनं न विचारताच भाऊंकडे स्टूल सरकवलं. बाईंनी पित्ताशय उघडून खडे काढले, चिकटलेला बुडखा तसाच ठेवून आतून शिवला, बाकीचं पित्ताशय काढलं आणि निचऱ्याची नळी बसवली. मुख्य नळी शाबूत राहिली. भाऊंनी इतका मोठा श्वास सोडला की मास्क फुगला.

संध्याकाळी ताईनं डोळे उघडले. भाऊ उशाशीच होते.

“तू होतास ना आत?” तिनं विचारलं.

“होतो.”

“मग मला कसली काळजी.”

भाऊंना हो म्हणून सुटता आलं असतं. ते जमलं नाही.

“ताई, मी चुकीची नळी कापायला सांगितली होती. बाईंनी माझं ऐकलं नाही, म्हणून तू सुखरूप आहेस.”

ताईनं सलाइन लावलेला हात सावकाश त्यांच्या डोक्यावर ठेवला.

“बरं झालं बाबा,” ती म्हणाली. “तुझं न ऐकणारं कुणीतरी भेटलं एकदाचं.”

भाऊ हसायला लागले, आणि हसता हसता लहान पोरासारखे रडले.